फोन असताना कॅमेरा कशाला?

आमच्या गटाच्या यंदाच्या हिशेबात एक ओळ आहे : 'जुना डिजिटल कॅमेरा, कार्डे, सेल व चार्जर – ३,४५० रुपये'. वार्षिक बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा वसमतकडच्या एका कार्यकर्तीने हात वर केला. "ताई, आता शेळ्या राखणाऱ्या पोराच्या खिशातबी फोटो निघणारा फोन हाय. मग कॅमेरा कशाला?" दोघीचौघींनी माना डोलावल्या. प्रश्न रास्त होता. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले तरी सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या फेऱ्यांना पैसे पुरत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. त्या दिवशी वेळ नव्हता, मी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते माझे मलाच पुरेसे वाटले नाही. म्हणून हे लिहिते आहे. 'आम्हीही घ्यावा का, आणि कुठला?' असे शेजारच्या गटांतल्या मैत्रिणी विचारतात, त्यांच्यासाठीही.

दोन वर्षांपूर्वी सेनगाव तालुक्यातली एक बाई सकाळच्या पहिल्या गाडीने आमच्याकडे आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. मी सवयीने पर्समधून फोन काढला. तिने पदर पुन्हा ओढून घेतला. "त्याच्यात नका काढू. फोनातलं कुठंबी जातं." हा माझा स्वतःचा फोन आहे, यातून कुठे जाणार नाही, असे मी तिला समजावू लागले, पण बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. कारण आदल्याच महिन्यात माझी सहा वर्षांची मुलगी माझ्या फोनात कार्टून शोधता शोधता दुसऱ्या एका बाईच्या सुजलेल्या चेहऱ्यावर येऊन थांबली होती. "आई, हिला कुणी मारलं?" असे तिने जेवणाच्या ताटावर, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर विचारले होते. मी एम.एस.डब्ल्यू. करताना गोपनीयतेवर अख्खा पेपर लिहिलेला आहे. आणि माझ्या गटाकडे विश्वासाने आलेल्या बाईचा चेहरा माझ्याच घरात उघडा पडला.

फोन नावाला एकीचा असतो, वापरात तो घराचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतःच्या वापराचा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के निघाले. खेड्यांत ते निम्म्याहूनही कमी होते. त्यातही रिचार्ज नवरा मारतो, कुलूप उघडायची खूण पोरांना पाठ असते. शिवाय काढलेला फोटो पुष्कळ फोनांतून आपोआप कंपनीच्या साठवणीत चढतो आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या फोनातही उतरतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की आकसतो, आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, कुठल्या यंत्राने काढला ही माहिती गळून जाते. म्हणजे जिथे जायला नको तिथे फोटो पोचतो, आणि जिथे पोचायला हवा तिथे तो लंगडा होऊन पोचतो.

मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या बाईचे फोटो अलीकडे कमी निघतात असे नाही. उलट आजवर निघाले नाहीत इतके निघतात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो अ‍ॅपवर चढवणे सक्तीचे झाले. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या खात्यानेच पत्र काढून कबूल केले, की भलतेच फोटो, फोटोचे फोटो अशा चलाख्या यात होत आहेत. त्याच महिन्यापासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी गरोदर व स्तनदा मातेचा चेहरा अ‍ॅपने ओळखण्याची अट आली. 'लाडकी बहीण'च्या अर्जालाही फोटो. एवढे सगळे फोटो काढले जातात, पण बाईच्या हातात त्यातला एकही येत नाही. तिच्यावर नजर ठेवायला कॅमेरा आहे, तिला काही दाखवून द्यायचे असेल तेव्हा नाही. गटाच्या मालकीच्या कॅमेऱ्याचा आग्रह मी धरते तो इथून.

आता कोर्टाचे. हा भाग जरा किचकट आहे, पण आपल्या कामात तो टाळता येत नाही.

डिजिटल पुराव्याबाबतचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या खटल्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की चित्रीकरणाची नक्कल द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्या यंत्रात मूळ नोंद झाली ते यंत्रच मालकाने कोर्टात आणून, साक्षीला उभे राहून शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. हा निकाल जुन्या पुरावा कायद्याखालचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे आणि त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक द्यावा लागतो आणि फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसाच समजा : फोटोतला एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. प्रत्येक प्रकरणात काय लागेल ते आपल्या वकिलाला विचारूनच करावे. पण एवढे सरळ दिसते, की मूळ यंत्र आणि मूळ फाईल शाबूत ठेवणाऱ्याचे पारडे जड.

आणि मूळ यंत्र फोन असेल तर? कार्यकर्तीने तो कोर्टात जमा करायचा, महिनोन्महिने? त्यात तिचे बँकेचे व्यवहार, घरचे फोटो, इतर वीस बायकांचे मेसेज. कुणी करणार नाही आणि करूही नये. कॅमेरा मात्र देता येतो. त्याचे कार्ड पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर दोघींच्या सह्या घेऊन कपाटात ठेवता येते. कार्डाच्या कडेला एक बारीकशी खिटी असते, ती खाली सरकवली की कॅमेऱ्यातून त्यावर नवे काही लिहिता येत नाही, जुने पुसता येत नाही. आम्ही एका प्रकरणाला एक कार्ड वापरतो. थोडे महाग पडते. पण एकीचे कार्ड बाहेर काढताना दुसरीची पाठ कुणाला दिसत नाही.

इथे आमची फजितीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी शहाणपण शिकवते आहे असे वाटेल. कॅमेरा आणल्यावर सेल गळू नयेत म्हणून आम्ही ते काढून वेगळे ठेवत असू. शिस्त म्हणून. कॅमेऱ्याच्या आत घड्याळापुरती बारीकशी बॅटरी असते, ती मोठ्या सेलांवर जगते. सेल बरेच दिवस बाहेर राहिले की घड्याळ बंद पडून पहिल्या तारखेवर जाते. आम्हाला हे माहीत नव्हते. एका बाईचे फोटो तालुक्याच्या कोर्टात दाखल केले, त्यांवर तारीख होती १ जानेवारी २०११. तिचे लग्न २०१९ सालचे. समोरच्या वकिलांनी फोटो हातात धरून विचारले, "बाई, लग्नाच्या आठ वर्षं आधी माझ्या अशिलानं मारलं का?" कोर्टात हशा झाला. ती बाई माझ्याकडे बघत होती, ते मी विसरलेले नाही. दवाखान्याचा कागद होता म्हणून निभावले. चूक कॅमेऱ्याची नव्हती, आमची होती. आता कपाटातून काढल्यावर पहिले काम म्हणजे तारीख-वेळ बघणे, आणि पहिला फोटो त्या दिवसाच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा.

तर कुठला कॅमेरा? दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगेल. त्याच्या नादी लागू नका. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे चार बाय सहा इंची चांगल्या छपाईला २२ लाख ठिपके म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा होतात. ए-फोर कागदभर छापायला नऊच्या आसपास. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे बहुतेक छोटे कॅमेरे एवढे देतातच. झूम बघायचा तो भिंगाचा. 'डिजिटल झूम' म्हणजे नुसते कापून मोठे करणे, तो बंदच ठेवावा.

आपल्याला बघायचे ते वेगळे. पहिले सेल. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते पेन्सिल सेल ज्यात चालतात असा कॅमेरा असेल तर उत्तम, कारण खास बॅटरी संपली आणि ती कंपनीने बंद केली की कॅमेरा डबा झाला. वीज गेली, चार्जर हरवला, तरी पेन्सिल सेल कुठल्याही बाजारच्या गावी मिळतो. फक्त साधा स्वस्त सेल पाच-दहा फोटोंत मान टाकतो. अल्कलाईन किंवा रिचार्ज होणारे घ्यावेत. दुसरे कार्ड. साधे एस.डी. कार्ड चालणारा घ्यावा. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्स-डी किंवा मेमरी स्टिक लागते, ती आता शोधत बसावे लागते. फार जुने कॅमेरे दोन जी.बी.पेक्षा मोठे कार्ड घेत नाहीत. आपल्या कामाला दोन जी.बी. पुष्कळ, पण मिळायला हवे. तिसरी बटणे. पडद्यावर बोट फिरवून चालणाऱ्यापेक्षा दाबता येणारी, ठसठशीत बटणे बरी, कामाने घट्टे पडलेल्या बोटांना ती कळतात. चौथे, आणि हे मी मुद्दाम म्हणते, वाय-फाय नसलेला बघा. दुकानदार त्याला उणीव म्हणेल. आपल्याला तो गुण आहे.

नावे सांगायची तर कॅननच्या पॉवरशॉट 'ए' मालिकेतले बरेच आणि निकॉनच्या कूलपिक्स 'एल' मालिकेतले काही जुने कॅमेरे पेन्सिल सेलवर चालतात. कॅननच्या ए-१३०० ला वर बारीक खिडकीही आहे, डोळा लावून बघायची. उन्हात पडदा दिसत नाही तेव्हा मोर्चात तिचा फार उपयोग. निकॉनच्या काही कूलपिक्समध्ये चक्क मराठी निवडता येते. हे सगळे आता नवे मिळत नाहीत, जुन्या बाजारात बघावे लागतात. जगात २०१० साली असले दहा कोटींहून अधिक छोटे कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली वीस लाखांच्या आत. फोनने धंदा बसवला. नव्यात कोडॅकच्या नावाने पिक्सप्रो म्हणून येतात, त्यातला एफ.झेड.-४५ पेन्सिल सेलवर चालतो, साधा आहे. पण जुन्याच्या मानाने किंमत बरीच. आणि गंमत अशी, की गेल्या तीन-चार वर्षांत शहरांतल्या तरुण मुलामुलींना जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंची हौस लागली आहे, त्यामुळे जुन्यांचेही भाव चढले. आम्ही आमचा नांदेडहून २,२०० ला आणला. घासाघीस केली तरी दुकानदार हटला नाही.

जुना घेताना दुकानातच चालू करून बघा. भिंग करकर न करता बाहेर आले पाहिजे. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात काळे डाग दिसतात का बघा. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे असतील तर सेल गळलेले आहेत, घेऊ नका. कप्प्याचे झाकण हमखास मोडके असते. अनुक्रमांक खाली कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या. बिल गटाच्या नावाने मागा. दुकानदार कुरकुरेल. मागा.

या कॅमेऱ्याची दुखणीही आहेत. अंधाऱ्या घरात नवा फोन याहून चांगला फोटो काढतो, हे मान्य केले पाहिजे. भिंग आतबाहेर करणारे असल्याने धूळ त्याला खपत नाही. वसमतला हळदीच्या पॉलिशच्या यंत्राजवळ, बायका तोंडाला फडके बांधून काम करतात तिथे, आमच्या एकीने तासभर कॅमेरा उघडा धरला. नंतर भिंग निम्म्यावरच अडकले. दुरुस्तीला ४०० रुपये आणि दोन नांदेड फेऱ्या. तेव्हापासून तो प्लास्टिकच्या पिशवीत फिरतो.

वापरायला मात्र तो खरेच सोपा. आमच्याकडे सगळ्यांत चांगले फोटो काढणारी बाई सही करण्यापुरतीच शिकलेली आहे. वीज म्हणजे फ्लॅश, फूल म्हणजे जवळचे, कचऱ्याचा डबा म्हणजे पुसणे, एवढ्या खुणा तिने एका दुपारी पाठ केल्या. डब्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. फोटोंना ओळीने नंबर पडतात. मधला नंबर गायब दिसला की 'काय पुसलं?' असा प्रश्न येणारच. वाईट आलेला फोटोही राहू द्यायचा. जखमेचे फोटो खिडकीच्या उजेडात, दार लावून, बाईची परवानगी घेऊन. आधी चेहरा ओळखू येईल असा लांबून, मग जखम कुठल्या अवयवावर ते कळेल असा, मग जवळून फुलाच्या बटणावर. शेजारी मोजपट्टी, नसेल तर नाणे. जवळून काढताना फ्लॅश बंद, त्याने वळ पांढरे पडतात. आणि मुका मार दोन-तीन दिवसांनी जास्त दिसतो, तेव्हा तिला पुन्हा बोलवावे. अत्याचाराच्या प्रकरणात तर तिची ओळख पटेल असे काहीही कुठेही छापणे, पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे प्रत्येकीला पाठ हवे.

तेलंगणात झहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका बऱ्याच वर्षांपासून चित्रीकरण करतात. कॅमेरा कुठून धरायचा याला त्यांनी स्वतःची नावे दिली आहेत. वरून खाली बघितले तर तो 'पटेल शॉट', जमीनदाराची नजर. खालून वर बघितले तर गुलामाचा. डोळ्याच्या उंचीवरून घेतला तो 'संघम् शॉट'. आमच्या शिबिरात हे सांगितले तेव्हा बायका खूप हसल्या, आणि मग एकीने आमच्या जुन्या अहवालातले फोटो काढून दाखवले. सगळे उभ्या माणसाने बसलेल्या बायकांचे काढलेले.

मार खाल्ल्याचेच फोटो काढायचे असेही नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयता उसाला निघायच्या आधी मुकादमाच्या वहीतल्या उचलीच्या पानाचा फोटो काढून ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे. परतल्यावर आकडा बदललेला असतो आणि बाईकडे दाखवायला काही नसते, म्हणून. दोन मुकादमांनी पान दाखवायला नकार दिला. तो नकारही वहीत नोंदवला. आणि एक एकटी राहणारी म्हातारी दर खेपेला म्हणते, माझा एकटीचा काढ, शेळीसंगं. काढतो. हिंगोलीहून छापून आणून देतो. ते पैसेही हिशेबात आहेत, त्यावर अजून कुणी हात वर केलेला नाही.

एक गोष्ट आमच्यात वादाची झाली, ती लिहिते. गेल्या पावसाळ्यात एक बाई आली. तिचे फोटो काढले होते, तक्रार द्यायची की नाही हे ठरत नव्हते. शेवटी ती नवऱ्याकडे परत गेली. नंतर एकटीच येऊन म्हणाली, "मव्हे फोटो मोडून टाका." गटात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, पुढे पुन्हा मारले तर हाच पुरावा कामाला येईल, तिला आज कळत नाही. मी म्हटले, केस दाखल नाही, तक्रार नाही, पाठ तिची आहे. पुढच्या वेळी ती आपल्याकडे येईल की नाही हे आज आपण तिचे ऐकतो की नाही यावर ठरेल. बराच वेळ वाजले. नुसते पुसून भागत नाही, पुसलेले फोटो कार्डावरून परत काढता येतात, हे तिलाही सांगितले. मग तिच्यासमोर कार्ड पाट्यावर ठेवले आणि वरवंटा तिच्याच हातात दिला. हिशेबात ते '१ कार्ड, ३५० रुपये, बाद' असे लावले आहे.